मोठ्या टायरसाठी रिम कापावी का?

पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या आडवाटांवर थार, जिप्सी फिरू लागल्या, की मोठ्या टायरची चर्चा रंगते. रुंद टायरला रुंद रिम लागते. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे मूळ स्टील रिम गोलाकार कापून मध्ये पट्टी वेल्ड करणे. हा उपाय टाळलेलाच बरा.

धोका कुठे?
चाक दर किलोमीटरला सुमारे 400 फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात गाडीचा भार त्या जोडावर येतो. वेल्डमध्ये बारीक फट राहिली, तर आधी हवा गळते, मग तडा वाढत जातो. माळशेज घाट उतरताना रिम फुटली, तर समोरून येणाऱ्या एसटीतले प्रवासीही संकटात सापडतील.

आणखी काय बदलते?
थारच्या 245/75 आर 16 ऐवजी 285/75 आर 16 टायर बसवल्यास व्यास सुमारे 60 मिलिमीटरने वाढतो. मीटर 80 दाखवतो, तेव्हा गाडी 86च्या वेगात असते. ब्रेकवरचा ताणही वाढतो.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. कलम 182अनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग चिखलाचे काय?
चिखलाखाली कठीण मुरूम असेल, तर अरुंद टायर खाली रुतून पकड घेतो. रुंद टायर वरच घसरतो. त्यामुळे पैसे खर्च करायचेच, तर मूळ मापाच्या, खोल नक्षीच्या टायरवर करावेत. रिमला कटर लावू नये.