प्राणहितेच्या अलीकडे

सिरोंचाच्या घाटावर एक आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळं धूत होते. पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून मी विचारलं, "काका, ते गाव कोणतं?" गावाचं नाव न सांगता ते म्हणाले, "माझी सासुरवाडी." नकाशात प्राणहितेच्या पात्रात महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणा सुरू होतो. आजोबांची वरात मात्र याच पात्रातून डोंग्यात बसून आली होती. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि रानाकडच्या गावांत माडिया, असं हे गाव आहे.

आज आपण ज्याला महाराष्ट्राचं शेवटचं टोक म्हणतो, ते सिरोंचा एके काळी जिल्ह्याचं ठाणं होतं. निजामाकडून १८६० मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी जिल्ह्याचा कारभार इथून सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने नावांतून थेट पूर्व समुद्राला न्यायचा, असा त्या वेळी बेत होता. वाटेत तीन ठिकाणी पात्रात खडक आडवे येत. दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमरी इथले अडथळे ओलांडायला बांध-कालव्यांची कामं निघाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला दुसरी वाट मिळाली. १८७१ मध्ये कामं थांबली, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होऊन राहिलं.

१९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, तरी जिल्ह्याचं गाव इथून दोनशे किलोमीटरहून लांब, आणि तेही जंगलातून. दुखणं वाढलं की लोक नदी ओलांडून मंचेरियाल, वरंगळ गाठतात. मिरची तोडायलाही बायाबापड्या तिकडेच जातात. पूर्वी हे सगळं नावेच्या भरवशावर चाले. प्राणहिता आणि गोदावरीवर पूल झाले आणि सिरोंचाचा जीव भांड्यात पडला.

मग गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा आला. २०१६ मध्ये दोन राज्यांनी पाणीपातळी १०० मीटर ठरवली आणि २०१९ मध्ये ८५ दरवाजांचा हा बंधारा सुरू झाला. त्याचं पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी. फुगवट्याने जमिनी गेल्या, काठ खचले, हे गाऱ्हाणं मात्र सिरोंचाच्या शेतकऱ्यांचं. जुलै २०२२ च्या पुरात काठची गावं पाण्यात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांबच खचले.

कधी कापसासाठी, कधी पाण्यासाठी, या नदीचे बेत नेहमी दूरच्या कचेऱ्यांत ठरले. पलीकडच्या शेताला पाणी मिळू नये, असं इथे कुणीच म्हणत नाही; तिकडे सोयरेच राहतात. पण बंधाऱ्याची डागडुजी, पाण्याची पातळी आणि जमिनीचा मोबदला ठरवणाऱ्या बैठकीत सिरोंचाचा शेतकरी हवा, आणि ती बैठक सिरोंचातच व्हायला हवी.

निघताना आजोबांनी काठावरच्या एका भिंतीवर हात ठेवला. त्यांच्या खांद्याच्याही वर मातीची रेघ होती. "पाणी येणारच, नदी आहे ती," ते म्हणाले. "पण कधी सोडणार, ते आदल्या दिवशी तरी सांगा."