छिन्नी बाजूला ठेवा!

जुनी येझदी वयाने मरत नाही. गंजाने मरते, पण सावकाश. पटकन मरते ती छिन्नी-हातोड्याने. हे माझं ठाम मत आहे आणि आमच्या घरच्या मंडळींनीही ते वाचावं (हो काका, तुम्हीसुद्धा!).

मुद्दा सायलेन्सरच्या पाइपांचा आहे. येझदी २५० ला सिलेंडर एकच, पण पाइप दोन आणि सायलेन्सरही दोन. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याची चिकट काजळी आत साठते आणि गाडी ओढेनाशी होते. म्हणजे पाइप अधूनमधून काढावेच लागतात. त्यांना सिलेंडरशी धरून ठेवतो खाचांचा एक गोल नट. तो फिरवायला टोकाला आकडा असलेला पाना लागतो.

इथेच छिन्नी येते. खाचेत टेकवायची नि हाणायचं! पाच मिनिटांत काम. दोन-तीनदा असं झालं की खाचा तुटतात, आटे जातात, तिथून धूर नि काळं ऑइल गळतं. मग सल्ला मिळतो, "जाऊ द्या, भंगारात काढा." आमच्या गाडीच्या एका नटाचं नेमकं हेच झालंय, म्हणून चिडून लिहितोय.

यावर उत्तर ठरलेलं.. "सिरोंचात खास पाना कुठून आणायचा?" अहो, सिरोंचात आहोत म्हणूनच तर जपायला हवं! प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा, आणि आपलं जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशेहून जास्त किलोमीटर. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदी हे नाव २०२२ साली परत आलं खरं, पण ती फोर-स्ट्रोक. तिचे भाग आपल्याला काय कामाचे? पुण्यात नट मोडला तर एखाद्या जुन्या बाजारात मिळेलही. इथे मागवायचा आणि वाट बघत बसायचं. पाना मात्र खिडक्यांचे ग्रिल करणारा वेल्डिंगवालासुद्धा लोखंडी पट्टीतून करून देईल.

आदल्या रात्री आट्यांवर डिझेल नि थोडं ऑइल सोडा. सकाळी नट हलतो. बसवताना तांब्याचा वायसर नवा घाला आणि नट आधी हाताने फिरवा. आटे नीट धरल्यावरच पाना लावा. मागचे बोल्ट सगळ्यात शेवटी आवळा, नाहीतर पाइप ताणात राहतो आणि हादऱ्याने पट्टी तडकते. इंजिन तापून थंड झालं की नट पुन्हा एकदा आवळा. बस्स.

दुसरा पंथ सायलेन्सरमधलं बॅफल काढून फेकणाऱ्यांचा. आवाज 'दमदार' होतो म्हणे! टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरकडून परतणारा दाब न जळलेलं मिश्रण अडवून धरतो. बॅफल गेलं की पेट्रोल जास्त, ओढ कमी आणि साऱ्या गावाची झोपमोड. काजळी झाली असेल तर बॅफल धुवा, फेकता कशाला?

आणि सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारू नका. डोक्यावर उभं राहून "अण्णा, तासाभरात द्या" म्हणतो कोण? आपणच! घाईचे पैसे दिले तर छिन्नीच मिळणार. त्याला एक रात्र द्या, आणि त्या रात्रीचेही पैसे द्या.