ओटीत घालण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाड यांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळ यास बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी विधिपूर्वक दत्तक घेतले, आणि मल्हाररावांच्या पदच्युतीने रिकाम्या झालेल्या गादीला सयाजीराव हा धनी लाभला. या घटनेची कौतुकाची बाजू आपण नाशिककर आज दीडशे वर्षे सांगत आलो आहोत. पण तिची दुसरी बाजू कवळाण्याच्या उंबरठ्याच्या आत राहिली. ज्या विधीने गोपाळचा सयाजीराव झाला, त्याच विधीने काशीरावांचे त्याच्यावरील पितृत्व कायद्याच्या लेखी संपुष्टात आले. आणि जे आनंदराव व संपतराव पुढेही बडोद्यास त्याचे भाऊ म्हणून वावरले, त्यांचा आणि त्याचा वारसा त्या दिवसापासून वेगळा झाला. प्रेम राहिले, येणेजाणे राहिले. हक्काचा धागा मात्र तुटला.

दत्तकाचा विषय निघाला की आपले लक्ष या जोडण्याकडे जाते. पेढे वाटले जातात, बारसे होते, नवे आडनाव लागते. पण कोणतेही मूल नव्या घरी जोडले जाण्यापूर्वी जुन्या घरातून तोडले जावे लागते, आणि हे तोडणे ही स्वतंत्र, गंभीर व अपरिवर्तनीय अशी कायदेशीर कृती आहे, याचे भान आपल्या समाजाला कमी आणि आपल्या एका जुन्या कायद्याला त्याहूनही कमी आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हे भान होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात असा स्पष्ट निर्णय आहे की, दिलेला पुत्र जन्मदात्याचे गोत्र आणि धन या दोहोंस मुकतो, आणि पिंड हा गोत्र व धन यांच्यामागे जात असल्याने देणाऱ्या पित्याला त्या पुत्राकडून पिंडही मिळत नाही. रामकुंडावर श्राद्धासाठी बसलेल्या माणसाने कोणत्या बापाचे नाव उच्चारावे, हा प्रश्न त्या काळी केवळ भावनेचा नव्हता. त्याच्या उत्तरावर वतन, इनाम आणि घरदार अवलंबून असे. आणि हे तोडणे सर्वांनाच झेपेल असे नाही, हेही शास्त्रकारांनी ओळखले होते. म्हणून दोन्ही घरांचा करार असल्यास दोन्ही पित्यांचा राहणारा ‘द्व्यामुष्यायण’ पुत्र त्यांनी मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ साली असा निवाडा दिला की, विवाहित पुरुष दत्तक गेला तरी त्यापूर्वी जन्मलेला त्याचा मुलगा त्याच्यासोबत नव्या कुळात जात नाही, मूळच्याच कुळात राहतो. कायद्याची ही रेषा बाप आणि लेक यांच्या मधूनही जाऊ शकते, असा त्याचा अर्थ.

स्वतंत्र भारतात हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ हा कायदा झाला, आणि हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना तो आजही लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमाने ठरविले की, दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्वार्थाने दत्तक मातापित्यांचे होते आणि जन्मकुटुंबाशी असलेले त्याचे सर्व संबंध तुटतात. या नियमाला तीन मर्यादा आहेत. जन्मघरात राहिले असते तर ज्या व्यक्तीशी विवाह निषिद्ध ठरला असता तिच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो. दत्तकापूर्वी ज्याच्याकडे मालमत्ता गेली असेल, त्याच्या हातून ती दत्तकामुळे काढून घेता येत नाही. आणि मुलाकडे आधीच आलेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते, परंतु तिच्यावरील बोजांसह. त्या बोजांत जन्मकुटुंबातील नातलगांच्या निर्वाहाची जबाबदारीही येऊ शकते.

समजा, निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचा अकाली मृत्यू झाला आणि मागे पत्नी व दोन लहान मुले राहिली. बापाची स्वकष्टार्जित जमीन त्याच्या मृत्यूच्या क्षणीच त्याच्या वारसांकडे गेली. सातबाऱ्यावर फेरफार झाला असो वा नसो, धाकट्या मुलाचा हिस्सा त्याचा झाला. वर्षभराने आईने तो मुलगा निपुत्रिक दिराच्या मांडीवर दिला, तर तो हिस्सा मुलासोबत जातो. परंतु हाच मुलगा बाप हयात असताना दिला गेला असता, तर बापाच्या पश्चात त्याला त्या जमिनीतील एक गुंठाही मिळाला नसता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित इस्टेटीतील जन्मसिद्ध हिस्सा दत्तकापूर्वी ‘प्राप्त झालेली मालमत्ता’ धरावा की नाही, यावर तर उच्च न्यायालयांतच एकमत झालेले नाही. दत्तकपत्राच्या तारखेवर मुलाचे आयुष्यभराचे हक्क असे अवलंबून असतात, आणि ती तारीख ठरविताना घरात चर्चा होते ती बहुधा मुहूर्ताची.

ही तोडणी घडते तरी कशी? १९५६ च्या कायद्याप्रमाणे मातापित्यांनी मूल प्रत्यक्ष द्यावे आणि घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष घ्यावे, एवढे झाले की दत्तक पुरे होते. होमहवनही आवश्यक नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला तर दत्तक वैध असल्याचे न्यायालय गृहीत धरते, पण नोंदणीची सक्ती नाही. मूल देण्याचा अधिकार पूर्वी मुख्यत्वे पित्याचा होता. २०१० च्या दुरुस्तीने तो माता व पिता दोघांना समान मिळाला आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीने वापरावयाचा ठरला. एवढी सुधारणा निश्चितच स्वागतार्ह होती. मात्र ही संमती खुशीची आहे की दबावाची, हे विचारण्यासाठी कोणीही अधिकारी त्या ओसरीवर येत नाही. आणि पंधराव्या कलमाचा दरवाजा तर कायमचा बंद आहे: वैध दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही, आणि मुलालाही पुढे शहाणपण आल्यावर जन्मघरी परत येता येत नाही.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. मातापिता नसलेल्या मुलाला पालक दत्तक देऊ इच्छीत असेल, तर त्याच कायद्याचे नववे कलम न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची करते, आणि दत्तक मुलाच्या हिताचे आहे काय याची खातरजमा करणे न्यायालयावर बंधनकारक ठरविते. मातापिता स्वतः देत असतील तर अशा खातरजमेची कोणालाही गरज वाटत नाही, कारण आईबाप मुलाचे अहित कसे करतील, असे कायदा गृहीत धरतो. परंतु बाळंतपणातून नुकतीच उठलेली, सासरच्या अंगणात सर्वांत धाकटी असलेली सून आपले दुसरे मूल थोरल्या जावेच्या ओटीत घालते, तेव्हा ते देणे तिचे असते की घराचे, हे त्या घरातील बायका जाणतात; कायद्याला ते विचारण्याची तसदी घ्यावीशी वाटत नाही.

दुसऱ्या बाजूस बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ पाहावा. आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे ज्या मातेस वा पित्यास मूल सांभाळणे अशक्य आहे, त्यांनी ते बाल कल्याण समितीपुढे आणावयाचे. समितीने चौकशी व समुपदेशन करून खात्री पटल्यावर समर्पणपत्र करून घ्यावयाचे. आणि त्यानंतर पुरती दोन महिन्यांची मुदत द्यावयाची, की मन बदलले तर मूल परत नेता यावे. ही मुदत उलटल्यावरच ते मूल दत्तक देण्यास कायद्याने मुक्त घोषित होते. सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत मातापित्यांचा शोध घ्यावा लागतो: दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने. नाइलाजाने मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना गुन्हेगार धरू नये, अशीही तरतूद या कायद्यात आहे. १८६३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडताना आईला जी मुभा आणि जी गुप्तता दिली, आणि पुढे काशीबाई या विधवेचा यशवंत दत्तक घेऊन जे करुणेचे कृत्य स्वतःच्या घरात केले, त्याचेच हे उशिरा आलेले शासकीय रूप म्हणता येईल. आमच्या नाशकात घारपुरे घाटावरील आधाराश्रमासारख्या संस्था याच व्यवस्थेत काम करतात. १ सप्टेंबर २०२२ पासून अंतिम दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि त्यावरील अपील विभागीय आयुक्तांकडे जाते.

म्हणजे एकाच शहरात, कदाचित एकाच गल्लीत, दोन माता आपले तान्हे मूल कायमचे देत असतील, तर जी अनोळखी कुटुंबासाठी देते तिला चौकशी, समुपदेशन आणि साठ दिवस मिळतात. जी जावेला वा नणंदेला देते तिला यांतले काहीच मिळत नाही. तोडणी दोघींची सारखीच कायमची आहे. हा भेद न्याय्य कसा ठरतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

बाल न्याय कायदाही निर्दोष आहे असे नाही. त्याच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे जन्मकुटुंबाशी संबंध तुटतात ते दत्तक आदेश अमलात येईल त्या दिवसापासून. समर्पणपत्राच्या दिवसापासून नव्हे. मग मधल्या काळात मूल कोणाचे? सांभाळ संस्थेचा, निर्णय समितीचा, आणि वारसा मात्र अजून जन्मदात्यांचा. या अवधीत जन्मपिता मृत्युपत्रावाचून मरण पावला, तर कायद्याच्या वाचनाप्रमाणे त्या मुलाचा हिस्सा त्यास प्राप्त होतो आणि दत्तकानंतरही टिकतो. परंतु जन्मदात्यांची नावे गोपनीय, तलाठ्याच्या वारसनोंदीत त्या मुलाचा उल्लेख नाही, आणि मुलाच्या वतीने अर्ज करावा असे कोणास सुचत नाही. हक्क कागदावर जिवंत राहतो आणि कचेरीत मेलेला असतो. अमेरिकेत याच्या उलट टोक दिसते. तेथे मातापित्यांचे हक्क संपविणारा स्वतंत्र न्यायालयीन आदेश दत्तकाच्या आधीच निघू शकतो. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याची अट घातली, आणि तरीही जुने आईबाप कायद्याने गेलेले व नवे कधीच न मिळालेले असे ‘कायद्याचे अनाथ’ ही तेथे मोठी चिंता होऊन बसली. जोडणी निश्चित होईपर्यंत तोडणी पूर्ण करावयाची नाही, हा आपला मार्ग त्या मानाने शहाणपणाचा आहे. त्या मधल्या काळातील मुलाच्या हक्काची राखण तेवढी व्हावयास हवी.

आप्तांतील दत्तकात सरकारने नाक खुपसू नये, असा आक्षेप यावर येईल. आणि ज्या समाजात चुलत्याच्या घरी वाढलेली मुले सुखाने नांदली आहेत त्या समाजाला तो स्वाभाविक आहे. चौकशी म्हटली की खेटे आले, खेटे म्हटले की दलाल आले, ही भीतीही अनाठायी नाही. परंतु मी परवानगीची नवी कचेरी मागत नाही. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. आप्तांतील दत्तकही लेखी व नोंदणीकृत असावे, आणि मूल देणाऱ्या मातेची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या महिला वकिलाने एकदा, घरातील कोणी जवळ नसताना, भेट घ्यावी. पंधराव्या कलमाचे कुलूप लागण्यापूर्वी दोन महिन्यांची फेरविचाराची मुदत येथेही असावी. मूल त्या काळात कोणाच्याही घरी राहो. आणि दत्तकपत्रात वा समर्पणाच्या कागदपत्रांत, मुलाकडे आधीच आलेल्या किंवा येऊ घातलेल्या मालमत्तेची गोपनीय नोंद असावी, जेणेकरून ते मूल सज्ञान झाल्यावर त्यास आपला हक्क शोधण्यासाठी दारोदार फिरावे लागू नये.

दत्तक हे पुण्यकर्म आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि घेणाऱ्याच्या आनंदावर विरजण घालण्याची इच्छाही नाही. पण कायदा करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, ओटीत मूल घालणारी जी आई आहे, तिला आपल्या कायद्याने अजून एकदाही विचारलेले नाही. त्यांनी तिला विचारण्याची तरतूद करावी, आणि विचारल्यावर उत्तरासाठी साठ दिवस थांबावे.