भादलीची उमेदवारी

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की छाननीच्या दिवशी अर्धे गाव तहसील कचेरीत! जळगावकडच्या भादली बुद्रुकला डिसेंबर २०२० मध्ये अशाच छाननीत अंजली पाटील यांचा अर्ज बाद झाला. जागा महिलांची आणि अंजलीताई तृतीयपंथी.

"बायकांची जागा दुसऱ्याला का?" असे एखादी भगिनी विचारील. विचारणे गैर नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. ताईंनी स्त्री म्हणून ओळख कायमची स्वीकारली आहे, उद्या सोयीसाठी पुरुषांच्या जागेवर जाणार नाहीत, हे ध्यानात घेऊन जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उमेदवारीला वाट दिली. ताई उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. कचेरीत अडलेले काम मतदारांच्या रांगेत अडले नाही.

तृतीयपंथीयांना निवडणुकीत, नोकरीत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभावाने वागवू नये, असे २०१९ च्या कायद्यात लिहिले गेले. मते देणे त्यातल्या त्यात सोपे. दारी टाळी वाजली की आपण पसाभर धान्य घालतो. तेच हात उद्या वाड्यातली रिकामी खोली भाड्याने मागायला आले, तर घरात काय बोलणे होईल? कारभाऱ्याच्या आधी कारभारणीला विचारा.