शून्य रुग्ण, पण किती तपासण्यांनंतर?

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री यांस,



२०२७पर्यंत देशात हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण राहू नये आणि २०३०पर्यंत देश हिवतापमुक्त व्हावा, हे आपल्या मंत्रालयाचे लक्ष्य आहे. त्याविषयी कुणाचेच दुमत नसावे. प्रश्न आहे तो लक्ष्य गाठल्याचे कळणार कसे, हा. २०२२ साली सरकारी नोंदीत सुमारे पावणेदोन लाख रुग्ण आणि ८३ मृत्यू होते. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता सुमारे ३४ लाख रुग्ण आणि साडेपाच हजार मृत्यूंचा. हे अंदाज गणिती प्रारूपांतून येतात, असा आक्षेप आपले अधिकारी घेतात आणि तो पोकळ नाही. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने भारतात वर्षाला दोन लाखांवर लोक हिवतापाने दगावतात असे म्हटले, तेव्हा आरोग्य संघटनेलाही ते पटले नव्हते, कारण तो अभ्यास घरच्यांनी सांगितलेल्या लक्षणांवर आधारलेला होता आणि त्यांवरून तापाचा मृत्यू नेमका कशाचा, हे ठरवणे अवघडच. पण संघटनेचा स्वतःचा तेव्हाचा अंदाजही सुमारे १५ हजारांचा, म्हणजे सरकारी आकड्याच्या कितीतरी पट होता. अंदाज चुकला म्हणून नोंद बरोबर ठरत नाही.

नोंद तोकडी का पडते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तापाचा रोगी बहुधा आधी जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. तिथे रक्त न तपासताच गोळ्या मिळतात, किंवा तपासणी होते आणि अहवाल रोग्याच्या खिशातच राहतो. ज्यांच्या रक्तात परजीवी आहेत पण अंगात ताप नाही, ते तर कुठेच जात नाहीत. त्यात रुग्ण वाढले की जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला जाब विचारला जातो आणि घटले की पाठ थोपटली जाते. रक्तनमुने कमी घेतले की रुग्णही कमी सापडतात, हा हिशेब समजायला फार हुशारी लागत नाही!

याच्या उलट वाटेने ओडिशा गेला. २०१७पासून ‘दमन’ मोहिमेत दुर्गम पाड्यांवर ताप नसलेल्यांचेही रक्त तपासून उपचार झाले, मच्छरदाण्याही वाटल्या गेल्या. २०१६मध्ये तिथे चार लाखांवर रुग्ण होते. २०१९मध्ये ते चाळीस हजारांच्या आसपास आले. बस्तरमध्ये २०२०पासून अशीच घरोघर तपासणी झाली, तेव्हा बाधितांपैकी निम्म्याहून अधिकांना लक्षणेच नव्हती. या पट्ट्याला लागूनच आपला गडचिरोली आहे. सीमेच्या एका बाजूला नेटाने शोध घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहायची, याने परजीवीची सोयच होते.

खासगी डॉक्टर नोंद देत नाहीत, ही सबब क्षयरोगाच्या कामाने खोटी ठरवली आहे. २०१२मध्ये क्षयरोगाची नोंद सक्तीची झाली, पण नुसत्या आदेशाने फारसे हलले नाही. डॉक्टरांना मोबदला, रोग्याला मोफत औषधे आणि नोंद भरून घेणारी माणसे मिळाल्यावर खासगी नोंदी काही हजारांवरून २०१९मध्ये सहा लाखांपुढे गेल्या. सर्पदंशाबाबतही नोव्हेंबर २०२४मध्ये आपल्याच मंत्रालयाने राज्यांना नोंद बंधनकारक करायला सांगितले, कारण सरकारी कागदांवरचे मृत्यू आणि प्रत्यक्षातले मृत्यू यांचा मेळच बसत नव्हता.

आशा सेविका आधीच नोंदवह्यांखाली दबलेल्या आहेत, हे खरे. म्हणून त्यांच्या वहीत नवा रकाना नको. रक्तनमुन्यांची संख्या आजही गोळा होतेच. ती रुग्णसंख्येच्या शेजारी, तालुकावार, दरमहा जाहीर करावी आणि त्यात खासगी प्रयोगशाळांचा वाटा किती तेही दाखवावे. जिल्ह्याची बदनामी होईल, पर्यटक घाबरतील, ही भीती मात्र मला पटत नाही. तपासणी वाढल्याने रुग्ण वाढले तर अधिकाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, असे आपण लेखी कळवले की त्या भीतीचा मोठा भाग ओसरेल. शिवाय दरवर्षी काही तालुक्यांत राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेकडून नमुना पडताळणी व्हावी. मोजणारा आणि तपासणारा एकच नसावा.

हा आग्रह आताच धरण्याचे कारण इतिहासात आहे. १९६५च्या सुमारास देशात वर्षाला लाखभर रुग्ण उरले होते. १९७६मध्ये ते ६४ लाखांवर गेले. श्रीलंकेत १९६३ साली अवघे १७ रुग्ण होते आणि दशक संपता संपता लाखो. डासांनी डीडीटीला दाद न देणे, पैशाची ओढाताण ही कारणे होतीच, पण रोग संपत आल्याच्या समाधानात पाळत ढिली पडली हेही होते. हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान सलग तीन वर्षे शून्य स्थानिक रुग्ण दाखवावे लागतात आणि ते शून्य किती तपासण्यांनंतर आले, हे पडताळणारे विचारतातच. ते पुरावे ऐनवेळी तयार करता येणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यापासूनच साठवावे लागतील.

कळावे,
आरोग्याच्या आकड्यांचा एक वाचक