अठराव्या वर्षी बंद होणारे दार

रस्त्यावर राहणारा तरुण दिसला की सुशिक्षित समाजाच्या ओठांवर दोनच शब्द येतात : व्यसनी आणि कामचुकार. हे निदान फार सोयीचे आहे, कारण ते करणाऱ्याला पुढे काहीच करावे लागत नाही. दुसरीकडे स्वतःला पुरोगामी म्हणवणारी मंडळी सारे खापर गरिबीवर फोडून मोकळी होतात. गरिबी खरीच, परंतु कोट्यवधी गरीब घरांतली मुले घरातच वाढतात, त्याचे काय? मुलगा घर सोडतो तो बहुधा मार, बापाचे दारूपान, सावत्रपणाचा जाच किंवा परीक्षेतील अपयशाची धास्ती यांमुळे. व्यसन पुष्कळदा नंतर जडते, फलाटावर. परिणामालाच कारण ठरविण्याची ही चूक गेली कित्येक वर्षे बिनबोभाट चालू आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक, तर एकट्या महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांतील तरुणांकडे पाहताना कोल्हापूरकरांनी तरी आपलाच इतिहास आठवावा. गडमुडशिंगीच्या शेजारीच वळिवडे आणि गांधीनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या तावडीतून सुटलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांत आईबाप गमावलेलीही होती. छावणीत त्यांना छप्पर मिळाले, शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तेथे आले आणि त्यांनी गांधीनगरची घाऊक बाजारपेठ उभी केली. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तेव्हा करवीरनगरीची मान उंचावली. उंचावावीच. पण परक्या मुलुखातून आलेल्यांना आधी छप्पर आणि स्वकीय पोराला आधी चारित्र्याचा दाखला, हा न्याय कुठला?

कायद्याची तऱ्हा याहून निराळी नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की संस्थेचे दार त्याच्यामागे बंद होते. पुढील अनुरक्षणासाठी ४६ वे कलम आहे खरे. पण त्याची भाषा आर्थिक साहाय्य 'देता येईल' अशी आहे, 'दिलेच पाहिजे' अशी नाही. या एका क्रियापदावर मुलाचे आयुष्य टांगलेले असते. मध्यमवर्गीय घरातला अठरा वर्षांचा मुलगा अजून आईच्या हातचा डबा घेऊन महाविद्यालयात जातो. बालगृहातल्या मुलाने मात्र त्याच वयात खोली, नोकरी आणि जामीनदार शोधायचा!

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले, ते स्वागतार्हच होते. परंतु घरातून पळालेला मुलगा त्यातही बसत नाही. आईबाप हयात, म्हणून तो अनाथ नाही. घरी परतता येत नाही, म्हणून तो सनाथही नाही. शिधापत्रिकेवर नाव आहे, पण ती शिधापत्रिका ज्या घरात आहे त्याच घराच्या भीतीने तो पळालेला असतो. कागद नाही म्हणून खोली नाही, पत्ता नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून पुन्हा तो कामचुकार!

मिरजेहून येणारा लोहमार्ग कोल्हापुरात संपतो. गाडीत बसलेल्या मुलाला तेथे उतरावेच लागते. पहिल्या काही दिवसांत कुणी आस्थेने विचारपूस केली तर त्याला घराकडे किंवा सुरक्षित आसऱ्याकडे वळविता येते. पुढे ते काम दिवसेंदिवस अवघड होत जाते. म्हणूनच मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर समतोल फाऊंडेशनचे कार्यकर्ते अशा मुलांना गाठून घरी पोहोचविण्याचे काम करतात. असे काम शासकीय परिपत्रकाने होत नसते. त्यासाठी स्थानकावर रोज जाणारी माणसे लागतात, आणि मुलगा परतल्यावर त्याच्या बापाशी चार वेळा बोलणारा शेजारीही लागतो.

कलम ४६ मधील क्रियापद बदलणे संसदेच्या हाती आहे. गडमुडशिंगीत वा गांधीनगरात एखाद्या दुकानात कामाला लागलेल्या अशा तरुणाच्या भाडेकरारावर जामीनदार म्हणून सही करणे मात्र गावाच्याच हाती आहे. तेवढ्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायची?