पढविलेला साक्षीदार

प्रोग्रॅम मॅनेजर या पदाचे नाव आता आमच्या समाजातील घराघरांत ऐकू येऊ लागले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली हैदराबादेत आपले विकासकेंद्र काढले; पुढे गूगल आणि ॲमेझॉन यांनीही तेथे व बंगळूरला मोठी कार्यालये थाटली. हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांतली मुले, त्याचप्रमाणे बेळगाव-गोव्याकडून बंगळूर-पुण्यास गेलेली मुले, आज या जागांसाठी मुलाखती देत आहेत. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु या मुलाखतींची जी तयारी चालते ती पाहून आम्हांस खेद होतो, आणि तो स्पष्ट शब्दांत मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हिला तयारी म्हणता येत नाही. हे साक्षीदार पढविणे आहे. आणि तेही वडीलधाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्याच पैशाने चालले आहे.

प्रथम हे पद काय आहे ते पाहू. संगणकाची प्रणाली तयार करताना ती लिहिणारे, तपासणारे, तिचे रूप ठरविणारे, कायदा पाहणारे आणि विक्री करणारे असे अनेक विभाग एकाच कामास लागलेले असतात. कोणाचे काम कोणावाचून अडले आहे, मुदत कोठे चुकणार आहे, हे वेळीच ओळखून सर्वांचा मेळ घालणे हे प्रोग्रॅम मॅनेजरचे काम. नाव मॅनेजरचे असले तरी यांपैकी बहुधा कोणीही त्याच्या हाताखालचा नसतो. हुकूम सोडण्याची सोय नाही. समजूत घालावी लागते, आणि ज्याचा शब्द खरा ठरत आला आहे त्याचीच समजूत लोक ऐकतात. सचोटी हे या पदाचे भूषण नव्हे, ते त्याचे भांडवलच आहे.

म्हणूनच मुलाखतीत प्रश्न विचारतात ते घडून गेलेल्या गोष्टींविषयी. काही वर्षांपूर्वी अशा कंपन्यांत चमत्कारिक कोडी घालण्याची प्रथा होती. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली ती निरुपयोगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. आता विचारतात ते असे : ‘काम मुदतीत होणार नाही हे तुमच्या ध्यानात केव्हा आले, आणि आल्यावर तुम्ही काय केलेत?’ ‘दोन विभागांचे पटत नव्हते, तेव्हा तुम्ही कोणता मार्ग काढलात?’ परिस्थिती काय होती, अंगावर काम कोणते होते, कृती कोणती केली आणि फळ काय मिळाले, या क्रमाने उत्तर अपेक्षित असते. आम्हां वकिलांच्या भाषेत सांगायचे तर येथे युक्तिवाद नको असतो, साक्ष हवी असते.

आणि आमची मुले काय करतात? शिकवणीवर्गाकडून तयार उत्तरांचा संच विकत घेतात, त्यातील गावे आणि आकडे बदलतात, आणि आरशासमोर घोकतात. ॲमेझॉनची नेतृत्वतत्त्वे २०२१ पासून सोळा झाली आहेत. ती सोळा नावे षोडशोपचारांसारखी क्रमाने म्हणून दाखवितात, पण देव्हाऱ्यात देवच नसतो. कोणी याच्याही पुढे जाऊन, दूरस्थ मुलाखत चालू असता कृत्रिम बुद्धिमत्तेने पडद्यावर उमटविलेले उत्तर वाचून दाखवितात. हा प्रकार एवढा वाढला की निदान एक फेरी समोरासमोर घ्यावयाची असे गूगलने ठरविल्याचे सुंदर पिचाई यांना २०२५ मध्ये सांगावे लागले.

‘सगळेच करतात, मग आमच्या मुलाने का मागे राहावे?’ असे पालक विचारतात. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आम्ही व्यवहाराचेच उत्तर देतो. पढविलेला साक्षीदार सरतपासणीत शोभतो आणि उलटतपासणीत कोसळतो. ‘त्या बैठकीत तुमच्या विरुद्ध कोण बोलले? त्याचे म्हणणे काय होते? त्याच्या म्हणण्यात तथ्य किती होते?’ या तीन प्रश्नांस विकतचे उत्तर पुरत नाही. शिवाय परीक्षक एकच नसतो. चारपाच जण निरनिराळे बसून टिपणे घेतात आणि मागाहून ती एकमेकांशी ताडून पाहतात. खोट्या कहाणीचे सांधे तेथे उघडे पडतात. क्वचित कोणी निभावून जातो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो दुसऱ्याच्या अनुभवावर जागा मिळवितो, त्याला ती स्वतःच्या अनुभवावर चालवावी लागते. आणि पहिलेच काम अडले की सहकाऱ्यांस त्याच्या शब्दाची किंमत कळून चुकते.

मग तयारी करूच नये काय? अवश्य करावी, आणि कसून करावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, पूर्वीच्या १८७२ च्या कायद्याप्रमाणेच, साक्षीदारास स्मृती ताजी करण्याची मुभा आहे. मुख्य अट अशी की, सामान्यतः टिपण त्याने स्वतः, घटना घडताना किंवा ती स्मरणात ताजी असताना केलेले असावे. आमच्या तरुणांनी हाच नियम आपणांस लावून घ्यावा. नोकरीस लागल्या दिवसापासून वही ठेवावी. दर आठवड्यास चार ओळी लिहाव्यात : काय अडले, कोणाशी बोलणे झाले, काय ठरले, किती दिवस गेले, आपले कोठे चुकले. अशी दोन वर्षांची वही जवळ असेल त्यास उत्तरसंच विकत घेण्याची गरज नाही. त्याने सातआठ खरे प्रसंग निवडावेत, ते थोडक्यात सांगण्याचा सराव करावा, आणि एखाद्या चिकित्सक माणसासमोर बसून त्यांची उलटतपासणी करवून घ्यावी.

येथे एक अडचण आमच्या संस्कारांची आहे. परीक्षक ‘तुम्ही स्वतः काय केलेत?’ असे विचारतो, आणि आमचा तरुण ‘आम्ही सर्वांनी मिळून केले’ असे सांगतो. दुसरा कोणी शिकवणी ऐकून सगळ्यांचे श्रेय एकट्याच्या नावे लिहून घेतो. दोघेही चुकतात. ठरले ते सर्वांचे, पण त्यात माझा वाटा हा आणि एवढाच, असे नेमके सांगणे यात अहंकार नाही. अहंकार असलाच तर तो वाढवून सांगण्यात असतो.

देवळाच्या कामाविषयीही असेच म्हणावे लागते. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीप्रमाणे महाजनांनी निवडलेली समिती पाहते. तेथे सारे महाजन बरोबरीचे. कोणी कोणास हुकूम करू शकत नाही. तरीही जत्रेच्या रात्री पालखी वेळेवर निघते, दिवाबत्ती राहते, पंगती उठतात, आणि दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला जातो. ज्या तरुणाने हा मेळ दोन वर्षे घातला, त्याने या पदाचेच काम केले आहे. मात्र मुलाखतीत तो त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. काहींस ते काम हलके वाटते, तर काही म्हणतात, ‘देवाची सेवा, तिची जाहिरात कशी करावी?’ अर्जावर मिरविण्यासाठी केलेली सेवा ही सेवा नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. पण विचारले असता घडले ते सांगणे ही जाहिरात नव्हे. दुसऱ्याची खोटी कहाणी सांगताना ज्याला संकोच वाटत नाही, त्याला आपली खरी सांगताना तो का वाटावा?

समाजधुरीणांस आमची सूचना अशी आहे. शिकवणीवर्गाचे हजारो रुपये वाचवा. आमच्या बहुतेक देवळांना सभागृह आहे; समाजात निवृत्त अभियंते, बँकेचे अधिकारी आणि वकील आहेत. महिन्यातील एका रविवारी सकाळच्या आरतीनंतर दोन तास त्यांनी तरुणांस समोर बसवावे आणि त्यांच्या खऱ्या कामाविषयी नेटाने प्रश्न विचारावेत. मुलास जागा मिळाली तर ती त्याच्या कमाईची असेल. न मिळाली तर कोठे उणे पडले हे त्याला कळेल, आणि पुढच्या खेपेस तो अधिक चांगली साक्ष देईल. आपल्या मुलांस खोटे बोलण्यात पटाईत करण्यासाठी समाजाने पैसा खर्चावा, ही गोष्ट मात्र आता थांबली पाहिजे.